न्यायला आलेलं माणूस

केवळबाईची ओवी अर्ध्यातच थांबली, तेव्हा उज्ज्वला शेगडीपाशी भाकरी थापत होती.

दुपारी पत्र्याच्या सावलीत सूप घेऊन बसायचं, मटकी निवडायची आणि तोंडानं गुणगुणत राहायचं, हा म्हातारीचा नेम. पहिली ओळ ओंजळीतून सांडावी आणि दुसरीनं ती अलगद झेलावी, असं तिचं गाणं. त्या दिवशी पहिली ओळ आली,

लेक निघाली सासरी, वाट धुळीनं भरली,

आणि दुसरी आलीच नाही. उज्ज्वलेनं भाकरी उलटली, कान बाहेर ठेवले. नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. आई सुपावर ओणवी झाली होती. बोटं मटकीत फिरत होती, पण निवडत काहीच नव्हती. निवडून बाजूला काढलेले खडे पुन्हा दाण्यांत मिसळत होती. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरच्यावर हलत होती.

"आई, काय होतंय?"

"काय नाय गं. ऊन लागलं आसंल." केवळबाईनं मान वर केली नाही. "तू तुझ्या भाकरी कर. माझ्यापायी जावईबापूंचं जेवण खोळंबायला नको."

उज्ज्वलेनं कपाळाला हात लावला. हात शेगडीवरच्या तव्याला लागावा तसा मागे आला.

उज्ज्वलेच्या नवऱ्यानं, भास्करनं, टोमॅटोच्या जाळ्या उतरवून पिकअप रिकामी केली आणि मागे गादी टाकली. विजेवर चालणारी गाडी, आवाज कसला तो नाही. म्हातारीच्या श्वासाची घरघर तेवढी सगळ्या रस्त्याला ऐकू येत राहिली. एवढ्या तापातही जावयासमोर डोक्यावरून घसरलेला पदर ती दर वळणाला सारखा करत होती.

"मामी, राहू द्या तो पदर. दांडी धरा," भास्कर पुढून ओरडला.

"तुम्ही समोर बघून चालवा," म्हातारी आतल्या आत पुटपुटली. तिनं दांडी काही धरली नाही, पदर धरला.

सहा दिवाळ्या झाल्या केवळबाईला लेकीच्या घरी येऊन. नवरा गेला, गावाकडचं घर रामकिसननं, तिच्या लेकानं, कुलूप लावून बंद केलं. "नवीन जागा झाली की नेतो," असं सांगून तो पुण्याला गेला. जागा झाली. पण त्या जागेत आईची खाट काही लागली नाही. केवळबाईनं त्याला कधी विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "आजी, मुक्काम किती दिवस?" तर ती म्हणायची, "लेक न्यायला यायचाय. तवर पाहुणी हाये हितं." शेजारणी बदलल्या, गल्ली बदलली, उत्तर बदललं नाही. पाहुणी म्हणवायची आणि पाहुणीनं करू नये तेवढं काम करायची. लेकीच्या दारचा घास फुकटचा नको, म्हणून.

उज्ज्वलेला हे टोचायचं. पण आतल्या आत. बोलून दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

*

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तातडीच्या विभागाला अजूनही सगळे कॅज्युअल्टीच म्हणत. तिथं सत्तरीच्या पुढचं माणूस आलं की आधी त्याला एका खुर्चीत बसवत. जाड हातांची, मागे कललेली, निळसर कापडाची खुर्ची. तिचं नाव सावरमापी.

डॉक्टर मेहजबीन पठाण तिशीच्या आतबाहेरची होती. डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा, आवाज मात्र ताजा. छातीचा फोटो झाला, रक्त झालं. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया होता. औषध लगेच सुरू झालं. मग तिनं केवळबाईला खुर्चीत बसवलं.

"ह्यात काय करतात?" उज्ज्वलेनं विचारलं.

"हलकेच ढकलतात," मेहजबीन म्हणाली. "आणि बघतात, माणूस किती वेळात सावरतं."

खुर्चीनं म्हातारीचा दंड जरासा आवळला आणि सोडला. गालावर गार हवेची एक फुंकर आली. पाठ बोटभर मागे गेली, पुन्हा जागेवर आली. प्रत्येक धक्क्याला नाडी थोडी उडत होती, श्वास बदलत होता, कातडीची ऊब हलत होती, आणि हे सगळं परत मूळ जागी यायला लागणारा वेळ खुर्ची टिपत होती. तरण्या शरीराला धक्का दिला तर ते झोपाळ्यासारखं एक हेलकावा खाऊन थांबतं. थकलेलं शरीर उशिरा थांबतं. कोसळण्याच्या कडेशी आलेलं त्याहून उशिरा. कडा दिसायच्या आधीच हा उशीर दिसू लागतो, एवढाच काय तो शोध. पण त्या शोधानं दवाखान्यांचा कारभार उलटापालटा केला होता.

कारण खुर्च्यांनी लाखो म्हाताऱ्या माणसांचं पुढं काय झालं तेही लक्षात ठेवलं, आणि त्यातून एक कडू गोष्ट बाहेर आली. पुष्कळ म्हातारी माणसं आजाराची म्हणून दवाखान्यात यायची. आजार बरा व्हायचा, माणूस जायचं. वॉर्डातला कधी न विझणारा दिवा, यंत्रांची टिवटिव, दर पाळीला नवा चेहरा. पडून राहून मांड्यांचं मांस आठवडाभरात उतरायचं, मग पाय जमीन विसरायचे. डोकं दिशा विसरायचं. त्याला डॉक्टर भ्रम म्हणत. अशी माणसं घरी परत जायची ती स्वतः म्हणून नाही, कुणीतरी दुसरीच होऊन.

म्हणून खुर्ची आता दोन वाटा मोजायची. आत घेतलं तर काय, घरी ठेवलं तर काय. घरी म्हणजे वाऱ्यावर नव्हे. प्राणवायूचं यंत्र, सलाईन, मनगटावरचा पट्टा, दोन वेळा येणारी सिस्टर, असा सगळा दवाखानाच घरी जायचा. फक्त ओळखीचा हात तेवढा घरचा लागायचा.

खुर्चीच्या पडद्यावर धक्क्यानं उडालेली रेघ उतरत होती, सावकाश, जड पावलांनी.

"आता तुम्ही त्यांचा हात धरा," मेहजबीन म्हणाली.

उज्ज्वलेनं आईचा हात धरला. खुर्चीनं पुन्हा तसंच ढकललं. रेघ उडाली आणि या वेळी झरझर खाली येऊन बसली.

"पाहिलंत?" डॉक्टरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "तुमचा हात असला की त्या निम्म्या वेळात सावरतात. घरी न्या यांना. आत ठेवलं तर न्यूमोनिया जाईल, पण या अशाच तुम्हाला परत मिळतील असं मी सांगू शकत नाही. घरी धोका आहे, नाही असं नाही. पुढचे तीन-चार दिवस कठीणच. पण वाट घरचीच चांगली आहे." ती केवळबाईकडे वळली, खाली वाकली. "आजी, आता मी विचारते त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. आज वार कोणता?"

"बुधवार. बाजाराचा."

"आत्ता आपण कुठं आहोत?"

"सरकारी दवाखान्यात. आन् कुठं? एवढा फिनेलचा वास घरी आसतो व्हय?"

मेहजबीन हसली. "तुम्ही राहता कुणाकडे?"

"रामकिसनकडं."

"ते कुठं असतात?"

"पुण्याला."

उज्ज्वलेचा हात म्हातारीच्या हातात होता. तो तिथंच गार पडला.

"मग या?"

"ही माझी लेक. हिच्याकडं चार दिवस पाहुणी आलेय. लेक यायचाय न्यायला."

खुर्चीच्या कडेचा दिवा पिवळा झाला. पडद्यावर शब्द आले, 'घरी सोबत नाही. आत घ्यावे.'

*

"खोटं बोलतेय ती!" उज्ज्वला खुर्चीभोवतीच्या कापडी पडद्याबाहेर येऊन म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सहा वर्षं माझ्याकडे आहे. तिची खाट माझ्याकडे, तिच्या गोळ्या माझ्याकडे. गल्लीला विचारा."

"मला विचारायची गरज नाही. मला दिसलं की पडद्यावर." मेहजबीननं तिला बाकावर बसवलं. "पण कायदा त्यांच्याच शब्दावर चालतो, मावशी. सुरुवातीला नातेवाइकांच्या शब्दावर घरी सोडायचे. मग ज्यांना जमिनीच्या सह्या हव्या होत्या त्यांनी आईबापांना घरी नेलं, आणि खोलीत कोंडून ठेवलं. म्हणून ठरलं, शुद्धीतल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, माझं घर कुठलं आणि मला बघणारं कोण."

"अंग ओळखतं मला," उज्ज्वला म्हणाली. "तोंड ओळखत नाही."

डॉक्टर तिच्याशेजारी बाकावर टेकली. "मी उद्या सकाळी पुन्हा विचारीन. सकाळी त्या ताज्या असतील. पण एक सांगते. वॉर्डात संध्याकाळ झाली की यांच्या डोक्यात धुकं यायला लागेल. आज थोडं, उद्या जास्त. एकदा भ्रम पक्का झाला की त्यांनी तुमचं नाव घेतलं तरी कायदा ते ऐकणार नाही. उद्याची सकाळ आपल्या हातात आहे. परवाची मला माहीत नाही."

भास्कर गाडी लावून आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मामींनी सरळ सांगितलं आसतं, तर काय झिजलं आसतं?"

उज्ज्वलेनं भावाला पुन्हा फोन लावला; आई आजारी असल्याचं निघतानाच कळवलं होतं.

"ताई, कशी आहे आई?" रामकिसनचा आवाज आधीच पडलेला होता.

"तू एवढंच कर. तिच्याशी बोल आणि सांग, की आई, तू ताईकडेच राहा. माझ्याकडे जागा नाही. तिला आशेत ठेवू नकोस. ती तुझी वाट बघत बसलीय आणि त्या वाटेपायी तिला आत टाकलंय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "मी कसं सांगू, ताई? सुवर्णाचं आणि तिचं... सासू-सुनेचं तुला माहितीय. मी येतो ना. शनिवारी येतो, बघतो काय ते."

"शनिवारपर्यंत तिचं डोकं राहणार नाही."

"तू सांग ना मग. तू जवळ आहेस." तो रडायला लागला होता. पन्नाशीचा माणूस, तोंडावर हात दाबून. "मी वाईट आहे का गं?"

"वाईट नाहीस," उज्ज्वला म्हणाली. "भित्रा आहेस. लहानपणी विंचू दिसला की माझ्या मागे यायचास. ठेव फोन."

तू सांग ना. खरंच, सोपं होतं. उद्या सकाळी आईच्या कानाशी जायचं आणि म्हणायचं, तो येणार नाही, कधीच येणार नव्हता. दोन वाक्यं. म्हातारी सुटली असती. आणि मोडली असती.

*

दिवेलागणीला वॉर्डातले दिवे आणखीच पांढरे झाले. केवळबाईच्या नाकाला नळी होती, हाताला सुई. दुसऱ्या हातानं ती चादरीचा एकेक बारीक गोळा वेचत होती, चिमटीत धरून बाजूला ठेवत होती. मटकी निवडत होती.

"आई, मी आहे."

म्हातारीनं पाहिलं. डोळ्यांत ओळख होती, पण पुराच्या पाण्यातल्या झाडासारखी, मधूनच वर यायची आणि मधूनच बुडायची.

"बाई, तू कुण्या गावची?"

उज्ज्वलेनं तिची चादर सारखी केली. "इथलीच."

"मग माझ्या लेकीला निरोप देशील? उज्ज्वला नाव तिचं. गोरी हाये. जरा रागीट हाये." केवळबाई तिच्याकडे झुकली, गुपित सांगावं तशी. "तिला म्हणावं, तुझ्या घरी मला काय कमी नव्हतं. पण मी तुझ्या घरची म्हणाले तर लोक काय म्हणतील? लेकानं टाकली म्हणतील. माझा रामकिसन हलका पडंल चारचौघांत. तू खंबीर हायेस, तुला नाय म्हणलं तरी तू पडत नाय. त्यो पडतो."

सहा वर्षं जे काट्यासारखं आत रुतलं होतं, ते आईनं स्वतःच्या बोटांनी उपटून तिच्या तळहातावर ठेवलं होतं, आणि ते कुणाच्या हातात दिलं हे तिला ठाऊक नव्हतं.

"आन् आणखी एक," म्हातारी म्हणाली. "मी तिच्या दारी आपल्या पायानं गेले व्हते. येष्टीनं. हातात पिशवी. कुणी न्यायला आलं नव्हतं. बाईमाणूस आसं न बोलावता जातं का कुठं? माहेरी जायचं तरी मुराळी यावा लागतो. भाऊ येतो, बाप येतो, सासूपुढं बसून मागणी घालतो, आमच्या लेकीला धाडा म्हणतो. तवा जायचं, ताठ मानेनं. मला कोण आलं व्हतं? न बोलावता गेलेली बाई पाहुणीच ऱ्हाते. जन्मभर बसली तरी पाहुणीच."

मग ती हळू आवाजात म्हणू लागली, डोळे मिटून,

मुराळी आला दारी, धूळ झटकी पायाची,
सांगा त्याला कुणीतरी, वाट सरली मायेची.

उज्ज्वलेला तो दिवस आठवला. आई दारात उभी, केस वाऱ्यानं विस्कटलेले. आपण काय म्हणालो होतो? "आलीस? हातपाय धू, जेवायला बस." एवढंच. दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी नाही. विचारलं तर तिला लागेल असं वाटलं होतं. तिला जागा दिली, ताट दिलं, औषध दिलं. राहा असं कुणी म्हटलंच नाही. गृहीत धरून चाललो सगळे. इतकी वर्षं आई त्याच एका शब्दाच्या दारात उभी होती.

ती उठली. व्हरांड्यात भास्कर भिंतीला टेकून डुलक्या काढत होता.

"अहो, उठा. घरी जा. सकाळी धुतलेला सदरा घालून या. टोपी नीट घाला."

"का? सकाळी काये?"

"तुम्हाला मुराळी व्हायचंय."

भास्करनं डोळे चोळले. "मी जावई हाये."

"म्हणूनच. जावयानं मागणी घातली तर तिला नाही कसं म्हणता येईल?"

*

सकाळ लख्ख होती. वॉर्डाच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि केवळबाईचे डोळे त्यासारखेच स्वच्छ होते. ताप होता, श्वास कापत होता, पण ती तिची होती. उज्ज्वलेनं तिचे केस विंचरून अंबाडा घातला.

"काल मी काय बाय बोलले का गं?"

"नाही. ओव्या म्हणत होतीस."

तेवढ्यात भास्कर आला. पांढरा सदरा, कोपरावर इस्त्रीचा डाग, नवी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. शेजारच्या दोन्ही खाटांवरची माणसं मान वळवून पाहू लागली. केवळबाईनं झटकन पदर ओढला.

भास्कर खाटेपाशी थांबला. एरवी तो सासूसमोर उभासुद्धा राहायचा तो अंग चोरून. आज त्यानं लोखंडी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. घसा खाकरला. रस्ताभर पाठ केलेलं त्याला एकही वाक्य आठवेना.

"मामी," तो म्हणाला. "म्हंजी, आमी तुमाला न्यायला आलोय."

"कुठं?"

"माहेराला."

केवळबाईनं लेकीकडे पाहिलं. उज्ज्वला पायथ्याशी उभी होती, तिनं नजर वळवली नाही.

"आई, तुला न्यायला कुणी आलं नव्हतं. माझं चुकलं. आज आम्ही आलोय. चार दिवसांसाठी नाही बोलावत. कायमची चल."

"आसं कुठं आसतं का गं," म्हातारी म्हणाली. "मुराळी भाऊ आसतो. जावई मुराळी झालेला मी तरी बघितला नाय. आन् त्यो पेढे आणतो व्हय? शिदोरी आणायची आसती."

"स्टँडवर एवढंच मिळालं," भास्कर घाबरून म्हणाला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकता खोकता हसला.

केवळबाई हसली नाही. ती बराच वेळ त्या पुड्याकडे बघत राहिली. मग तिनं, आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या हातून काही घ्यावं तसा, दोन्ही हात पुढे करून तो पुडा घेतला आणि मांडीवर ठेवला.

मेहजबीन खुर्ची ढकलतच आली. म्हातारीला बसवलं, पट्टे लावले. उज्ज्वलेला दूर उभं राहायला सांगितलं. शब्द म्हातारीचा एकटीचाच हवा होता.

"आजी, वार कोणता?"

"गुरुवार."

"आपण कुठं आहोत?"

"काल सांगितलं की. वास तोच हाये."

"इथून तुम्ही कुठं जाणार?"

"माहेरी."

खुर्चीचा दिवा लाल झाला. 'भ्रमाची शक्यता. वय ब्याऐंशी, आई-वडील हयात असण्याचा संभव नाही.' भास्करनं उज्ज्वलेचं मनगट घट्ट धरलं. मेहजबीनचं बोट पडद्यावर टेकता टेकता थबकलं. लाल दिवा लागला की विचारणं थांबवायचं, असं यंत्र सुचवत होतं. थांबायचं की नाही हे मात्र अजून डॉक्टरकडेच होतं. तिनं स्टूल ओढलं, खुर्चीसमोर बसली.

"तुमचे आई-वडील असतात का तिथं?"

केवळबाईनं तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "डाक्टरीणबाई, मी येडी नाय झाले. आई-बाप कवाच गेले. ते गेले की माहेर सरतं, हे मला ठावं हाये. पण ह्यो माणूस मला न्यायला आलाय."

"मग तिथं आहे कोण?"

"उज्ज्वला हाये, माझी लेक. जावईबापू हायेत. एक म्हैस हाये, ती माझ्याच हाताला पान्हवते."

"तुमच्या गोळ्या कोण देतं?"

"उज्ज्वलाच. इसरली तर मीच वरडते."

"किती दिवस राहणार आजी?"

म्हातारी थांबली. खुर्चीच्या पडद्यावर तिची रेघ वर चढून राहिली, उतरेना. कुणी ढकललं नव्हतं तरी. तिनं पुड्याच्या दोऱ्याची गाठ बोटानं चाचपली.

"तिथंच ऱ्हाते मी," ती म्हणाली. "सहा दिवाळ्या झाल्या. ते माझं घर हाये."

उज्ज्वलेनं तोंडात पदराचं टोक धरलं.

"शेवटचं विचारते," मेहजबीनचा आवाज खाली आला. "आजार मोठा आहे. घरी कमी-जास्त होऊ शकतं. चालेल तुम्हाला?"

"होऊ दे की. माहेरात डोळं मिटलेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाय." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली, "आन् तिच्या लेकालाबी नाय."

डॉक्टरनं पडद्यावरचा यंत्राचा शब्द पुसला आणि स्वतःचा लिहिला. दिवा हिरवा झाला.

*

गाडीतून खाट उतरली, यंत्र उतरलं, म्हातारी उतरली. दारात उज्ज्वलेनं तिला थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं. गल्लीतली एक बाई थांबून बघू लागली. "आजी, बऱ्या झाल्या का?" तिनं विचारलं.

"व्हायचंय अजून," केवळबाई म्हणाली. "लेकीनं आणलं मला." मागणी घालायला कोण आलं होतं आणि त्यानं कसला सदरा घातला होता, हेही तिनं धापा टाकत सांगितलं. भास्कर लाजून गाडीमागे गेला.

पहिले दोन दिवस कठीणच गेले. ताप चढायचा, सिस्टर यायची, सलाईन बदलायची, मनगटावरचा पट्टा मधूनच कुरकुर करायचा. उज्ज्वला खाटेशी बसून राहायची. आई जगेल का, हे पट्ट्याला माहीत नव्हतं आणि मेहजबीनलाही. ती रोज फोनवर म्हणायची, अजून सांगता येत नाही. शनिवारी रामकिसन खरंच आला. आईच्या पायाशी बसला, तिचे पाय चेपत राहिला. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि झोपी गेली. संध्याकाळी तो परत निघाला, तेव्हा बहिणीनं त्याच्या हातावर डबा ठेवला.

रविवारी दुपारी म्हातारीनं डोळे उघडले. अंग घामानं भिजलं होतं. ताप उतरला होता, की नुसता विसावला होता, कोण जाणे.

"भूक लागली," ती म्हणाली.

उज्ज्वलेनं धावत जाऊन कण्या शिजवल्या. ताकात कालवल्या, गार केल्या, उशी उंच करून एक चमचा तिच्या ओठाला लावला. म्हातारीनं तो तोंडात घोळवला, गिळला. कपाळाला आठी घातली.

"काय झालं? टोचतंय का कुठं?"

"मीठ कुठंय ह्यात?" केवळबाई म्हणाली. "तुझ्या हाताला मीठ कमीच आसतं. पहिल्यापासून."

उज्ज्वला चमचा हातात धरून बघत राहिली. सहा वर्षांत तिनं वाढलेल्या एकाही ताटाला या बाईनं कधी नाव ठेवलं नव्हतं. करपलेली भाकरी गोड लागली म्हणत खाल्ली होती, अळणी आमटी वरपून ताट धुऊन ठेवलं होतं. पाहुण्या बाईनं तसंच करायचं असतं.

"आणते," ती म्हणाली आणि उठली. स्वयंपाकघरात मिठाची बरणी समोरच होती. पण डोळे इतके भरून आले होते की ती तिला बराच वेळ दिसेना.

"आणतेस ना गं?" खाटेवरून आवाज आला, धापेचा, हक्काचा. "का मी उठू?"